घरच्या ऑफ-रोड बग्गीसाठी फायबरचे पार्ट कसे बनवायचे? साच्यापासून बोल्टपर्यंत संपूर्ण माहिती

भोसरी, चिखली, तळवडे, चाकण या पट्ट्यात राहणाऱ्याला लोखंडकामाची अडचण सहसा येत नाही. पाइप वाकवून मिळतो, प्लेट लेझरवर कापून मिळते, लेथवर बुश करून मिळतो. त्यामुळे घरी बग्गी बांधायला घेतली की चासी बऱ्यापैकी लवकर उभी राहते. काम अडतं ते बॉडीवर. गोलाई असलेलं बॉनेट किंवा मडगार्ड पत्र्यात दाबायचं तर प्रेस आणि डाय लागते, आणि एकाच गाडीसाठी डाय बनवणं कुणालाच परवडत नाही. अशा वेळी फायबरग्लास, म्हणजे आपण ज्याला नुसतं 'फायबर' म्हणतो ते, कामाला येतं.

मी आणि माझा एक मित्र चिखलीजवळच्या शेडमध्ये दोन सीटची बग्गी बांधतोय. इंजिन मारुती ८०० चं, मागे बसवलेलं. पुढचं बॉनेट, चार मडगार्ड आणि डॅशबोर्ड आम्ही फायबरमध्ये केले. या लेखात आपण तीच पद्धत आकड्यांसकट पाहणार आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्या. पत्रा विकत आणला की त्याची ताकद कारखान्यात ठरलेली असते. फायबरमध्ये तो माल आपण स्वतः, पार्ट बनवता बनवता तयार करतो. रेझिन किती, हार्डनर किती, तापमान किती, यावरच तो चांगला की वाईट हे ठरतं. म्हणून या कामातली सगळ्यात महत्त्वाची हत्यारं तीन: वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळ.

फायबर म्हणजे नक्की काय?

काचेचे बारीक तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन, एवढंच. ताण काच घेते. रेझिन तंतूंना जागेवर ठेवतं आणि पार्टला आकार देतं. नुसतं जमलेलं रेझिन ठिसूळ असतं, हातोडी मारली की तडकतं. त्यामुळे 'रेझिन जास्त घातलं म्हणजे पार्ट मजबूत झाला' हा समज उलटा आहे.

गाडीच्या बॉडीत हे काम नवं नाही. शेव्हरोले कॉर्व्हेटची बॉडी १९५३ पासून फायबरची आहे. ऑफ-रोड बग्गीला मात्र ओळख दिली ती कॅलिफोर्नियातल्या ब्रूस मेयर्स यांनी. ते फायबरच्या बोटी बनवण्यात मुरलेले होते. १९६४ मध्ये त्यांनी फोक्सवॅगन बीटलचे भाग वापरून 'मेयर्स मँक्स' बांधली. पहिल्या १२ बॉडी अशा होत्या की फायबरची बॉडीच चासीचं काम करायची. ते फार मेहनतीचं आणि खर्चाचं ठरलं. मग त्यांनी बीटलची मूळ लोखंडी चासी साधारण ३६ सेंमीने कापून आखूड केली आणि वर फायबरची हलकी बॉडी बोल्टने बसवली. जगभर नक्कल झाली ती या दुसऱ्या रचनेची. आपणही तीच धरायची: हाडं लोखंडाची, कातडी फायबरची.

कुठे वापरायचं आणि कुठे अजिबात नाही

फायबर चालेल: बॉनेट, मडगार्ड, डॅशबोर्ड, बाजूचे पॅनल, हेडलाइटचे कप, हवा आत घेणारे स्कूप.

फायबर नको: रोल केज, सीट आणि बेल्टचे माउंट, स्टिअरिंग, सस्पेन्शन, पेडल बॉक्स. इथे लोखंडच हवं. इंजिन आणि ड्रायव्हर यांच्यामधली फायरवॉलसुद्धा पत्र्याचीच ठेवा. पॉलिएस्टर रेझिन पेटतं आणि दाट काळा धूर सोडतं. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या 'बाहा एसएई इंडिया' स्पर्धेत, जिची पहिली फेरी २००७ मध्ये पिथमपूरला झाली, तिथेही रोल केज स्टीलच्या पाइपचा आणि फायरवॉल धातूचीच लागते.

पत्र्याच्या बदल्यात फायबर किती जाड हवं?

हा प्रश्न बहुतेक जण अंदाजाने सोडवतात. हिशोब मात्र सोपा आहे. स्टीलचा कडकपणा साधारण २०० गिगापास्कल, तर हाताने केलेल्या मॅटच्या फायबरचा ७ ते ८. म्हणजे स्टील जवळजवळ २७ पट कडक. पण सपाट पॅनलचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. २७ चं घनमूळ ३. म्हणून पत्र्याच्या तिप्पट जाडी दिली की फायबर तेवढंच कडक होतं.

०.८ मिमी पत्रा = साधारण २.४ मिमी फायबर. एक चौरस मीटरला पत्र्याचं वजन ६.३ किलो, या फायबरचं ३.५ किलो. बग्गीच्या बॉनेटला २.५ ते ३ मिमी जाडी पुरेशी ठरते ती यामुळेच. याहून जास्त कडकपणा हवा असेल तर थर वाढवत बसण्यापेक्षा आकाराला गोलाई किंवा घडी द्या.

साहित्य काय लागतं?

- चॉप्ड स्ट्रँड मॅट: तुकडे केलेल्या तंतूंची चादर. ३०० आणि ४५० जीएसएम घ्या, म्हणजे चौरस मीटरला ३०० किंवा ४५० ग्रॅम काच. ४५० चा एक थर जमल्यावर साधारण १ मिमी होतो.
- वोव्हन रोव्हिंग: गोणपाटासारखं विणलेलं कापड. मडगार्डला दगड लागतात, तिथे दोन मॅटच्या मध्ये एक थर द्यावा.
- पॉलिएस्टर रेझिन: साध्या कामाला जीपी ग्रेड चालतं. साच्यासाठी आयसोफ्थॅलिक घेतलेलं बरं, ते उष्णता आणि पाणी जास्त सहन करतं.
- जेलकोट: बाहेरचा रंगीत, गुळगुळीत थर.
- हार्डनर: रासायनिक नाव एमईकेपी. पाण्यासारखं दिसतं, आणि हीच त्यातली भीती आहे.
- अ‍ॅक्सिलरेटर: जांभळट कोबाल्ट. दुकानात 'प्री-अ‍ॅक्सिलरेटेड' रेझिन मागितलंत तर ते आधीच मिसळलेलं मिळतं. घरी काम करणाऱ्याने तेच घ्यावं.
- वॅक्स, पीव्हीए, ब्रश, लोखंडी खाचांचा रोलर, अ‍ॅसिटोन.

इपॉक्सी वापरू का, असं बरेच जण विचारतात. इपॉक्सी जास्त ताकदीचं असतं, पण साध्या मॅटमधले तंतू ज्या चिकट पदार्थाने धरलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं. त्यामुळे मॅट ताठ राहते आणि कोपऱ्यात बसत नाही. इपॉक्सी घ्यायचं तर विणलेलं कापड घ्या.

आधी प्लग, मग साचा, मग पार्ट

गणपतीच्या मूर्तीचं काम जवळून पाहिलं असेल तर हे लगेच कळेल. आधी एक मूळ मूर्ती, तिच्यावरून साचा, साच्यातून हव्या तेवढ्या मूर्ती. आपल्या कामात मूळ मूर्तीला प्लग म्हणतात.

प्लग प्लायच्या फासळ्या आणि पीयू फोम यांचा करा, वर पुट्टी. थर्माकोल स्वस्त असतो, पण पॉलिएस्टर रेझिन लागताच तो विरघळतो. वापरायचाच असेल तर आधी पीओपी किंवा इपॉक्सीचा पक्का थर द्या. पुट्टीनंतर प्रायमर, मग वॉटर पेपर ४०० पासून १२०० पर्यंत, शेवटी पॉलिश. प्लगवर जो ओरखडा राहील तो साच्यात उतरतो आणि साच्यातून प्रत्येक पार्टवर येतो. आमच्या बॉनेटच्या कामात अर्ध्याहून जास्त वेळ प्लग घासण्यात गेला आणि तो तसाच जायला हवा.

आकार ठरवताना दोन नियम पाळा. पहिला, उभ्या भिंतींना किमान २-३ अंश उतार द्या, नाहीतर पार्ट साच्यातून निघत नाही. दुसरा, कोपरे ५-६ मिमी त्रिज्येने गोल करा. मॅट धारदार कोपऱ्यात बसत नाही आणि मागे हवेची पोकळी राहते. मडगार्डसारखा आत वळलेला आकार असेल तर साचा दोन भागांत करून फ्लँजवर बोल्टने जोडा.

साचा पार्टच्या दुप्पट-तिप्पट जाड हवा. पॉलिएस्टर जमताना आक्रसतं, म्हणून सगळे थर एका दिवसात लावू नका, नाहीतर साचा तापून वाकतो. दिवसाला दोन-तीन थर पुरेत. मागून प्लाय किंवा चौकोनी पाइपच्या फासळ्या बसवा आणि प्लगवरून काढण्याआधी आठवडाभर तसाच ठेवा.

एका बॉनेटचा हिशोब

समजा बॉनेट एक चौरस मीटरचं आहे. थर: ३०० + ४५० + ४५० मॅट.

- काच: १.२ किलो
- रेझिन: मॅटला काचेच्या सव्वादोन पट, म्हणजे २.७ किलो
- हार्डनर: रेझिनच्या दीड टक्का, म्हणजे साधारण ४० ग्रॅम
- जेलकोट: अर्धा मिमी जाडीला ६०० ग्रॅम
- तयार पार्टचं वजन: सुमारे ४.५ किलो
- जाडी: जेलकोट धरून ३ मिमीच्या थोडी वर

हे शेवटचे दोन आकडे वहीत लिहून ठेवा. तपासणीला तेच लागणार आहेत.

ले-अप कसा करायचा?

१. साच्याला वॅक्स लावा. नव्या साच्याला ५-६ हात, प्रत्येक हातानंतर पुसून वाळू द्या. पहिल्या काही पार्टांना वॅक्सवर पीव्हीएचा पातळ थर द्या. तो वाळून पापुद्रा होतो आणि पार्ट निघाल्यावर पाण्याने धुतला जातो.

२. जेलकोट ब्रशने दोन हातांत लावा. बोट लावल्यावर चिकट लागतं पण बोटाला रंग येत नाही, अशी वेळ आली की पुढचं काम सुरू. जेलकोट फार पातळ किंवा कच्चा राहिला तर वरच्या रेझिनमधलं स्टायरीन त्याला सुरकुत्या पाडतं.

३. रेझिन एका वेळी ५०० ग्रॅमच घ्या. त्यात ७.५ ग्रॅम हार्डनर. मिनिटभर नीट ढवळा, बुडाशी आणि कडेला सुद्धा. लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. उभ्या मगात ठेवलेलं रेझिन स्वतःच्याच उष्णतेने तापत जातं आणि धूर सोडू लागतं.

४. आधी साच्यावर रेझिन, मग मॅट, मग ब्रशने टोचत भिजवा. ब्रश ओढू नका, मॅट फाटते. पांढरी मॅट पारदर्शक झाली की रेझिन पुरेसं झालं.

५. रोलर फिरवून हवा काढा. ३०० चा पहिला थर जमू द्या, बुडबुडे दिसले तर कापून भरा. मग ४५० चे दोन थर एकापाठोपाठ.

६. दुसऱ्या दिवशी कडा साफ करा आणि प्लॅस्टिकच्या पाचरी घालून पार्ट काढा. लोखंडी पान्याने उचकू नका.

भोसरीत वर्षानुवर्षं बसचे पार्ट करणाऱ्या एका काकांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "दादा, हार्डनर झाकणाने मोजू नका. काट्यावर घ्या, नाहीतर सिरिंज आणा." इतकी वर्षं हात बसलेला माणूस काटा वापरतो, तर आपण अंदाजावर का जावं?

पुण्याची हवा आणि रेझिन

रेझिनच्या डब्यावरचा जेल टाइम सहसा २५ अंशांचा असतो. तापमान १० अंशांनी वाढलं की तो साधारण निम्मा होतो. चाकणच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली २० मिनिटांची रेझिन १० मिनिटांत दगड होते. अशा वेळी हार्डनर १ टक्क्याच्या खाली नेण्याचा मोह होतो. तसं करू नका. रेझिन जमल्यासारखी दिसते, पण आतून कायमची कच्ची राहते. त्यापेक्षा सकाळी सहाला काम सुरू करा आणि घाणा लहान घ्या.

डिसेंबर-जानेवारीत उलट अडचण असते. १५ अंशांखाली रेझिन जमायला कंटाळते, म्हणून दुपारी काम करा आणि रात्री पार्ट झाकून बल्बची ऊब द्या. पावसाळ्यात मॅट दमट होते, ती प्लॅस्टिकमध्ये बंद ठेवा. एकूण विचार केला तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा सगळ्यात सोयीचा काळ.

रोज कामाआधी १०० ग्रॅम रेझिनची चाचणी घ्या. तापमान, हार्डनर आणि जमायला लागलेली मिनिटं लिहा. २० ते २५ मिनिटं मिळाली की पुढे चला.

बोल्टची जागा

फायबरची बॉडी तुटते ती बहुतेक वेळा बोल्टपाशी. ऑफ-रोडला चासी पिळली जाते आणि सगळा ताण एका भोकावर येतो. उपाय असे:

- बोल्टच्या भोवती १०-१५ सेंमीच्या वर्तुळात जादा थर देऊन जाडी ६-८ मिमी करा. थर पायऱ्यापायऱ्यांनी कमी होत जावेत.
- आतून २-३ मिमीची स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियमची प्लेट, बाहेरून मोठा वॉशर.
- भोकात लोखंडी बुश घाला, म्हणजे बोल्ट आवळताना फायबर चिरडत नाही.
- चासी आणि बॉडीच्या मध्ये रबर.
- भोक कडेपासून किमान बोल्टच्या व्यासाच्या तिप्पट आत.

बॉनेट मधोमध लपलपत असेल तर आतून फासळी द्या. अर्धा चिरलेला पीव्हीसी पाइप उलटा ठेवून वर दोन थर मॅट लावली की झालं. पाइप फक्त आकारासाठी असतो, ताकद वरच्या मॅटची.

तयार पार्ट कसा तपासायचा?

आधी वजन करा. हिशोबात ४.५ किलो आलं होतं आणि पार्ट साडेपाच भरला, तर एक किलो जादा रेझिन आत आहे. असा पार्ट जड असूनही ठिसूळ असतो. मग नाणं घेऊन सगळीकडे वाजवा. खणखणीत आवाज म्हणजे थर चिकटलेत, बोद आवाज म्हणजे आत पोकळी आहे. शेवटी मागच्या बाजूने उजेडात धरून पांढरे, कोरडे ठिपके शोधा.

मागची बाजू थोडी चिकट राहते, ते साहजिक आहे. पॉलिएस्टर हवेच्या बाजूने पूर्ण जमत नाही. वॅक्स मिसळलेल्या रेझिनचा एक हात दिला की चिकटपणा जातो.

सुरक्षितता: इथे तडजोड नाही

हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. गॉगल घातल्याशिवाय बाटली उघडू नका. उडालंच तर त्याच क्षणी पाण्याची धार लावा, किमान १५ मिनिटं, आणि मग थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. हार्डनर पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. घरात लहान मुलं असतील तर हे दहा वेळा वाचा.

हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत. आग लागते किंवा स्फोट होतो. दोन्हींसाठी एकच चमचा किंवा एकच सिरिंजसुद्धा नको.

रेझिनमधल्या स्टायरीनची वाफ ३१-३२ अंशांपासून ठिणगीने पेटू शकते. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात सावलीतसुद्धा. त्याच शेडमध्ये वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालू असेल तर रेझिन उघडू नका. वाफेसाठी कार्ट्रिजचा मास्क लागतो, कापडी रुमालाचा उपयोग नाही. घासताना धुळीचा मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, नंतर आधी गार पाण्याने अंग धुवा. आणि हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये करू नका. वास अख्ख्या इमारतीत जातो.

गाडी रस्त्यावर चालेल का?

नाही. रस्त्यावरच्या गाडीला मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेकडून टाइप अ‍ॅप्रूव्हल लागतं. त्यातल्या दोन संस्था आपल्या जवळच आहेत: पुण्यातली एआरएआय आणि भोसरीतली सीआयआरटी. पण ती प्रक्रिया कारखानदारांसाठी आखलेली आहे, एका गाडीला तिचा खर्च झेपत नाही. जुन्या गाडीची आरसी वापरून चालवू असं वाटत असेल तर कलम ५२ आडवं येतं. निर्मात्याच्या मूळ वर्णनापेक्षा वेगळा बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून बग्गी खासगी जागेवर किंवा ट्रॅकवर चालवा, आणि तिथपर्यंत ट्रेलरवर न्या.

पहिला पार्ट बॉनेट नको

सगळं वाचून हात शिवशिवत असतील तरी आधी एका काचेवर वॅक्स लावून ३० × ३० सेंमीची प्लेट करा. हिशोब बॉनेटचाच: १०८ ग्रॅम मॅट, २४३ ग्रॅम रेझिन, ३.६ ग्रॅम हार्डनर. जेलकोट नको. तयार प्लेटचं वजन ३५० ग्रॅमच्या आसपास आणि जाडी पावणेतीन मिमीच्या आसपास यायला हवी. ४०० ग्रॅमच्या वर गेली तर रेझिन जास्त पडतंय. पांढरे डाग दिसले तर कमी पडतंय. मग ती दोन विटांवर ठेवून वाकवा, बोल्ट मारून बघा, हातोडीने फोडून तुटलेली कड पाहा. तंतू बाहेर ओढले गेलेले दिसले तर प्लेट चांगली. काचेसारखा सरळ तुकडा पडला तर रेझिनचं प्रमाण पुन्हा तपासा.

अशा तीन-चार प्लेट झाल्या, प्रत्येकीचं वजन हिशोबाच्या जवळ आलं आणि वहीत तापमान-हार्डनर-मिनिटांच्या नोंदी जमल्या, की बॉनेटच्या साच्याला वॅक्स लावायला घ्या.